गडावरचा कच्चा डबा

पहाटे साडेपाचच्या सुमारास आतकरवाडीत उतरले की प्रथम जाणवतो तो गारवा आणि मग दिसते ती डोंगरावर चढत गेलेली विजेऱ्यांची ओळ. पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे तीस किलोमीटरवर असलेला सिंहगड समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांहून थोडा अधिक उंच आहे. पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंतची पायवाट जवळजवळ ६०० मीटर चढून जाते. तरुण मंडळी ती पाऊण तासात संपवतात; आमच्या वयाच्या माणसांना सव्वा ते दीड तास लागतो. दर रविवारी ही वाट चढणारी शेकडो कुटुंबे आहेत आणि त्यांतलेच आम्ही दोघे, मी आणि माझा धाकटा भाऊ.

पुणे दरवाजाच्या एकामागोमाग एक असलेल्या तीन कमानी ओलांडून आत गेले की खाली खडकवासल्याचे पाणी चमकताना दिसते. थोडे पुढे गेले की चुलीचा धूर नाकाशी येतो. पिठले-भाकरी, कांदाभजी, ठेचा, मडक्यातले दही. गड चढून आलेल्या माणसाला शतकांची आठवण पुरत नाही, त्याला भूक लागलेली असते. आणि ही भूक खरी असते. सत्तर किलो वजनाच्या माणसाने सव्वा तास असा चढ चढला तर साधारण चारशे ते पाचशे उष्मांक खर्च होतात. स्नायूंत साठवलेली साखर कमी झालेली असते, घामावाटे पाणी आणि मीठ गेलेले असते, आणि ताणलेल्या स्नायूंना डागडुजीसाठी प्रथिने हवी असतात. गडावरची भाकरी, पिठले आणि दही या तिन्ही गरजा न सांगता भागवतात.

परंतु गेल्या दिवाळीपासून माझ्या भावाने हे सारे सोडले होते. आमचे वडील चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. भावाला बावन्न पूर्ण झाली आणि मधुमेहाला पाच वर्षे झाली, तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल ते मी समजू शकते. त्याने निश्चय केला की यापुढे केवळ वनस्पतिजन्य आणि तेही न शिजवलेलेच खायचे. दूध-दही नाही, भाकरी नाही, भाजलेल्या दाण्यांचे कूट नाही, आणि ऊस उकळून केलेला म्हणून गूळही नाही. तीन महिन्यांत अकरा किलो वजन उतरले. आम्ही सर्वांनी कौतुक केले. मीही केले. त्याच्या गोळ्यांचे काय, हे मात्र कोणी विचारले नाही.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी गडावर बसून त्याने डबा उघडला. त्यात पपईच्या फोडी होत्या आणि काकडी. डबा भरलेला दिसत होता. आज हिशेब केला तर त्यात जेमतेम शंभर-सव्वाशे उष्मांक होते आणि प्रथिने नावापुरती. मी शेजारी बसून पिठले-भाकरी खाल्ली आणि त्याच्या संयमाचे मनोमन नवल केले.

उतरताना निम्म्या वाटेवर तो थांबला. त्याच्या कपाळावर गार घाम होता, बोटे थरथरत होती, आणि मी विचारलेल्या साध्या प्रश्नाला तो असंबद्ध उत्तर देत होता. वाटेच्या कडेला लिंबू सरबत विकणाऱ्या एका मावशींनी हे माझ्याआधी ओळखले.

“ताई, यांना साखरेची गोळी चालू हाय का? आमच्या मालकांना अस्संच व्हतं,” असे म्हणत त्यांनी पेल्यात तीन चमचे साखर घालून ढवळली.

भाऊ पुटपुटला, “साखर नको. ती शिजवलेली असते.”

“शिजलेली का कच्ची ते घरी जाऊन ठरवा, दादा. आधी प्या.”

तो प्यायला. पंधरा-वीस मिनिटांत त्याची नजर स्थिर झाली. नंतर डॉक्टरांनी सांगितले की त्या मावशींनी केले ते अगदी योग्य होते. रक्तातील साखर अशी घसरली आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर लगेच द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, आणि बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नये. तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी.

डॉक्टरांचा राग आहारावर नव्हता. आहार बदलला, वजन उतरले, व्यायाम वाढला, पण स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी जुन्याच मात्रेत चालू राहिली, हा खरा दोष होता. त्यांनी मात्रा कमी केली आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवले. भावाला कच्चा आहार सोडायचा नव्हता. तेव्हा प्रश्न उरला तो एवढाच की गड चढून आल्यावर, चूल न पेटवता, शरीराला हवे ते सारे डब्यात कसे भरायचे?

उत्तर शोधताना लक्षात आले की आपल्या घरांना हा प्रश्न अगदीच नवा नाही. आमच्या लहानपणी पेठेतल्या तालमीत जोर-बैठका मारून आलेली मुले रात्री भिजत घातलेले हरभरे चावून खात. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ म्हणजे भिजवून भरड वाटलेली हरभरा डाळ आणि कैरी. वरची फोडणी सोडली तर तिला विस्तव लागतच नाही. काकडीची कोशिंबीर, ओले खोबरे, शेतातल्या ओल्या शेंगा आणि हिरवा हरभरा हे सारे आपल्याच ताटातले. मात्र आजीने ते भाकरी-वरणाच्या जोडीला वाढले. त्यावरच दिवस काढा असे कधी म्हटले नाही.

महात्मा गांधींनी १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. मोड आलेले धान्य, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू आणि मध असा तो आहार होता. काही महिन्यांतच प्रकृती बिघडली आणि त्यांनी तो थांबवला. प्रयोगाचा आरंभ जितक्या उत्साहाने त्यांनी जाहीर केला, तितक्याच मोकळेपणाने त्याचे अपयशही लिहिले. १९४६ मध्ये पुण्याजवळच्या उरुळी कांचनला त्यांनीच निसर्गोपचार आश्रम सुरू केला. प्रयोग फसला म्हणून निसर्गावरची श्रद्धा गेली नाही, आणि श्रद्धा होती म्हणून शरीराची तक्रार दाबली गेली नाही. माझ्या भावाला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला.

आता आमचा डबा कसा असतो ते सांगते. निरोगी, साठ-सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसासाठी असे प्रमाण धरता येईल: ३० ग्रॅम कोरडे मूग भिजवून मोड आणलेले, त्यावर लिंबू आणि कोथिंबीर, ३० ग्रॅम कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवलेले, एक केळे, आणि चार खजूर. मूग आणि दाणे मिळून सुमारे १५ ग्रॅम प्रथिने होतात. मूठभर भोपळ्याच्या बिया टाकल्या तर वीसच्या आसपास जातात. केळे आणि खजूर यांतून सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके मिळतात. सारे मिळून पावणेपाचशे ते साडेपाचशे उष्मांक, म्हणजे चढताना खर्चलेले बहुतेक परत. मुगावरचे लिंबू केवळ चवीसाठी नाही. त्यातील क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह अधिक शोषले जाते. भावाच्या डब्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने केळ्याऐवजी पेरू आणि दोनच खजूर असतात, आणि खिशात साखर मोजण्याचे यंत्र.

पाण्याचाही विचार करावा लागतो. घामातून प्रामुख्याने सोडियम जाते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम त्या मानाने कमी असते. म्हणून उन्हाळ्यात आम्ही लिटरभर पाण्यात लिंबू आणि पाव चमचा मीठ घालतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ आणि शहाळे दोन्हींबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. खाण्याची घाई करण्याचे मात्र कारण नाही. खाली उतरण्यापूर्वी, तासाभराच्या आत खाल्ले की सामान्य माणसाला पुरते.

कच्चे म्हणजे आपोआप निर्मळ, ही समजूतही या वाटेवरच सुटली. मोड आणणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. म्हणून मोड स्वच्छ पाण्यात धुऊन थंड जागी ठेवावेत, वास बदलला तर टाकून द्यावेत. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि दुर्बल प्रकृतीच्या माणसांनी ते वाफवूनच खावेत. राजमा कच्चा कधीही खाऊ नये, मोड आणूनही नाही. त्यातील विषारी घटक नीट उकळल्यावरच जातो. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशी आलेले शेंगदाणे निवडून फेकावेत. सकाळी टेकड्यांच्या पायथ्याशी मिळणारा दुधीचा रस चवीला किंचित जरी कडू लागला तरी थुंकून टाकावा. कडू दुधीने माणसे दगावली आहेत. भिजवल्याने आणि मोड आल्याने कडधान्य पचायला हलके होते हे खरे, पण शिजवल्याने ते आणखी सुलभ होते हेही तितकेच खरे. आणि ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. दूध-दही सोडणाऱ्याने ते गोळीवाटे घ्यायलाच हवे. वाढत्या वयाच्या मुलांना तर असा संपूर्ण कच्चा आहार आपल्या मनाने कधीच देऊ नये.

हे सर्व ऐकून भावाने स्वतःच एक तडजोड सुचवली. सकाळचे आणि गडावरचे खाणे कच्चे, रात्री मात्र आमच्या वहिनींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि आमटी. रक्ततपासणीचे आकडे बिघडले नाहीत. उतरलेले वजनही बहुतेक टिकले आहे. वडिलांच्या वयाची भीती त्याच्या मनातून गेली असे मी म्हणणार नाही. पण त्या भीतीने त्याचे ताट रिकामे करणे थांबले आहे.

मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच वाटेने उतरत होतो. ऊन चढले होते. तोरणा आणि राजगड धुरकट दिसत होते. सरबतवाल्या मावशींपुढे त्या दिवशी करवंदांची टोपलीही होती. भावाने दोन द्रोण घेतले.

मावशी हसून म्हणाल्या, “आज कच्चं खा, दादा. आज तुमचा रंग बरा हाय.”

त्याने करवंद तोंडात टाकले आणि शर्टाच्या खिशातली छोटी पुडी काढून त्यांना दाखवली. त्यात तीन चमचे साखर होती. त्या सकाळपासून तो ती पुडी घेतल्याशिवाय गड चढलेला नाही.