एक पाऊल मागे

"बिलात पुन्हा एक रुपयाचा फरक येतोय," क्लायंटकडच्या अकाउंटंट बाई फोनवर म्हणाल्या. त्यातला 'पुन्हा' मी ऐकूनही सोडून दिला. त्यांचीच जुनी ४.२ आवृत्ती एक छोटा बदल करून आम्ही नव्याने बिल्ड करून दिली होती. राउंडिंगला कुणी हातही लावला नव्हता.

फरक एकच होता. याआधीचा बिल्ड सबव्हर्जनमधून झाला होता, हा गिटमधून. आणि ते मायग्रेशन मी केलं होतं.

सबव्हर्जनमध्ये टॅग म्हणजे 'टॅग्ज' फोल्डरमध्ये केलेली कोडची कॉपी. तिच्यात नंतर कमिट करायची नाही, असा संकेत. पण मुद्दाम बंदोबस्त केला नसेल, तर सबव्हर्जन कुणाला अडवत नाही. गिटमध्ये टॅग म्हणजे एका कमिटकडे बोट दाखवणारं नाव. त्यामुळे गिट-एसव्हीएनने आमचा इतिहास आणला, तेव्हा ६३ टॅग ब्रँच होऊन आले. प्रत्येकाच्या टोकाला 'टॅग केला' एवढंच सांगणारी एक कमिट. मला तो पसारा बघवेना. मी स्क्रिप्ट लिहिली: टोकापासून एक पाऊल मागे जा, तिथे खरा टॅग लाव, ब्रँच उडव. मागे जायला टोपीसारखी एक खूण पुरते. पाच-सहा टॅग उघडून बघितले, सगळे ट्रंकच्या रेषेवर नीट बसलेले. मी खूश.

जुना सर्व्हर शुक्रवारी कायमचा बंद होणार होता. बाईंचा फोन आला बुधवारी.

सबव्हर्जनमध्ये ४.२ चा लॉग उघडला. टॅग केल्यानंतर, त्याच रात्री २ वाजून १० मिनिटांनी, तिथे आणखी एक कमिट होती. चार ओळींची. संदेश होता: 'सॉरी. क्लायंट थांबलाय.' पुढच्या आवृत्तीत तो भागच नव्याने लिहिला गेला, म्हणून ही दुरुस्ती ट्रंकवर कुणी नेलीच नव्हती. ती फक्त टॅगमध्ये होती. आणि माझं एक पाऊल नेमकं तिच्यावर पडलं होतं.

त्या रात्री प्रत्येक टॅग सबव्हर्जनमधून एक्स्पोर्ट केला, गिटमधला शेजारी ठेवला आणि डिफ लावला. ६० जुळले. तीन नाही. हे काम मी मायग्रेशनच्या दिवशीच करायला हवं होतं.

कमिट काकांची होती. ऑफिसमध्ये सगळे त्यांना काकाच म्हणायचे; आता रिटायर होऊन साताऱ्याला असतात. सकाळी फोन केला.

"चूकच होती ती," ते हसले. "टॅगला हात लावायचा नसतो, हे तुम्हाला मीच शिकवायचो ना?"

"मग काय करू काका? ट्रंकवर घेऊन नीट करू?"

"क्लायंटकडे काय गेलं होतं?"

"तुमची दुरुस्ती धरून."

"मग तसंच ठेव. नीट कशाला करतेस?"

तिन्ही टॅग टोकावर लावले, ती माफी आणि रात्रीची वेळ होती तशी ठेवून. नुसत्या पुशने टॅग जात नाहीत, म्हणून ते वेगळे पुश केले. आलेखात आता तीन काटे बाहेर आलेले दिसतात. बाईंना नवा बिल्ड पाठवला. या वेळी मीही लिहिलं, 'सॉरी.'