नांगर टाकला त्या गावी

शेतात चालतो तो नांगर आणि होडी थांबवतो तोही नांगर. मराठीने दोन्ही कामांना एकच शब्द का ठेवला असेल, हा प्रश्न वर्गात मला कधी पडला नव्हता. आपल्या घरांतली कन्नड याबाबतीत काटेकोर. शेतातला तो ‘नेगिल’, पाण्यातला तो ‘लंगरु’. उत्तर मिळाले ते थेट ग्रीसच्या समुद्रात, मे 2024 च्या अखेरीस, गुडघ्यावर बसून साखळी सोडताना.

जर्मनीत नोकरी करणारा माझा धाकटा मावसभाऊ शिडाची होडी चालवायला शिकला आहे. सुट्टीत त्याने लेफ्काडा बेटावरून एक होडी भाड्याने घेतली आणि आग्रहाने मलाही बोलावले. मेगानिसी बेट मागे टाकले, ओनासिस आणि जॅकी केनेडी यांचे 1968 मध्ये जिथे लग्न झाले ते स्कॉर्पिओसही लांबून पाहिले. पण भावाला ओढ होती कालामोस बेटाच्या आग्नेय टोकाजवळच्या पोर्ट लिओनीची. तिथे हॉटेल नाही, दुकान नाही, धक्काही नाही. आहे ते एक ओस पडलेले गाव.

आयोनियन समुद्रात उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि बहुधा सूर्य मावळताना पडतो. आम्ही खाडीत शिरलो तेव्हा तो शेवटचा जोर करत होता. मला होडीच्या तोंडाशी बसवून भाऊ सुकाणूवर गेला. पद्धत सोपी वाटते. तोंड वाऱ्याकडे करायचे, थांबायचे, नांगर तळाला टेकवायचा आणि होडी हळूहळू मागे घेत साखळी सोडत राहायची. पाणी सहा मीटर खोल असेल तर साखळी तीस मीटरच्या आसपास हवी. पडून राहिलेल्या साखळीच्या वजनाने ओढ आडवी लागते, आणि आडवी ओढ लागली तरच फाळ वाळूत घुसतो. होय, फाळच! आमचा नांगर चक्क नांगराच्या फाळाच्या आकाराचा होता. हा आकार जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने 1933 च्या सुमारास काढला. आपल्या कोळ्यांचा शब्द त्याहून कितीतरी जुना, हे सांगायला नकोच.

“बिड्री दादा, बिड्री!” भाऊ ओरडला. शेजारी कुणी नसतानाही हुकूम कन्नडमध्ये! साखळी खडखडत गेली. घाईत आदर गळाला आणि “साकु, साकु! निल्सो!” ऐकू आले.

नांगर काही धरेना. किनाऱ्यावरचा खडक आणि एक झाड एका रेषेत धरून ठेवले होते, ती रेष सरकू लागली. पाण्यात पाहिले तर खाली काळसर हिरवा पट्टा. पोसिडोनिया! ही शेवाळ नव्हे, फुले येणारी वनस्पती आहे आणि भूमध्य समुद्राखेरीज कुठेच आढळत नाही. माशांची पिल्ले तिच्यात वाढतात. तिचे कुरण वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरते, आणि एका नांगराने उखडलेली जागा भरून यायला पुढे कित्येक वर्षे लागतात. भाऊ गप्प झाला. साखळी वर घेतली तेव्हा फाळाला पानांचा झुबका लटकत होता. माझ्या हातून ते झाले होते. पुढे सरकून, पांढरी वाळू नजरेने नीट हेरून पुन्हा टाकला. या खेपेला होडीने एक हिसका खाल्ला आणि जागेवर उभी राहिली.

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावापुरतीच. त्यामुळे होडीच्या मागचा दोर सरळ किनाऱ्यावरच्या खडकाला बांधता आला. कारवार-गोव्याकडे असा आखूड बांधून झोपलात, तर ओहोटीला काय होईल याचा विचारच नको.

रबरी होडीतून उतरलो. छप्पर नसलेली दगडी घरे, एका घरातच वाढलेले अंजिराचे झाड, मागे ऑलिव्हची राई. ऑगस्ट 1953 मध्ये या बेटांवर मोठे भूकंप झाले. केफालोनिया तर जवळजवळ जमीनदोस्त झाले. इथे घरांपेक्षा घात झाला तो पाण्याचा. गावाचे गोडे पाणी गेले आणि माणसे उठून गेली. चर्च मात्र चुन्याने रंगवलेले, नेटके. गाव सोडून गेलेल्यांनी ते आजवर सांभाळले आहे. दाराला नुसती कडी होती. आत तेलाचा दिवा टांगलेला.

भाऊ पायरीवर बसला आणि म्हणाला, “आईचं हुन्नूर.”

आमच्या दोघांच्या आयांचे माहेर एकच. घटप्रभेवर हिडकलचे धरण झाले आणि जुने हुन्नूर पाण्याखाली गेले. विठ्ठलाचे देऊळ तेवढे पाणी उतरले की वर येते. आजोबांची जमीन कुठे होती ते आम्हा दोघांनाही दाखवता येणार नाही. इतकी वर्षे सणावाराला भेटलो, पण या विषयावर कधी बोललो नव्हतो. त्या संध्याकाळी वारा पडेपर्यंत बोललो. अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये.

रात्री दोनदा उठून मी ती खडक-झाडाची रेष पाहिली. हलली नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी आलो आणि आईला फोटो दाखवले. समुद्राचे तिला फारसे कौतुक वाटले नाही. अंजिराच्या घरापाशी मात्र थांबली. “भिंती दिसतात की यांच्या,” म्हणाली. मग चर्च पाहून विचारले, “आणि दिवा कोण लावतं?”

“गेलेलेच येऊन लावतात.”

तिने फोन माझ्याकडे परत दिला. “धरण भरायच्या आत मला हुन्नूरला ने. देऊळ उघडं पडलंय म्हणतात.”

रविवारी निघायचे ठरले. मावशीही येणार आहे. डबा तीच आणणार, आणि तेलाची बाटलीही.