परतवारीचें जेवण

गाणें ऐकण्यासाठीं परगांवीं निघालेल्या मनुष्याच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो बहुधा गाण्याविषयींचा नसतो. कोण गाणार, केव्हां गाणार, ही चौकशी मागाहून होते. ‘तेथें जेवणाची सोय कशी काय आहे?’ हें आधीं विचारलें जातें. यांत लाजण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पुण्यास १९५३ सालापासून भरत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवांत रसिकांचा ओघ मंडपांतून फराळाच्या दुकानांकडे आणि तेथून पुन्हां मंडपाकडे कसा वाहतो, हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस अधिक सांगावयास नको. अमेरिकेंत नॅशव्हिल शहरीं १९७२ पासून ग्रामीण संगीताचा जो मोठा मेळा भरत आला आहे, त्यास जाणारेही हाच प्रश्न एकमेकांस विचारीत असतील. पोट हा सर्व रागांचा षड्ज आहे. तो लागल्यावांचून पुढचे स्वर लागत नाहींत.

परंतु आमच्या मराठवाड्यांत संगीताचा एक मेळा असा आहे कीं, तेथें हा साधा प्रश्न चांगलाच बिकट होऊन बसतो. हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नर्सी नांवाचें गांव आहे. संत नामदेवांचें (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून तें प्रसिद्ध असून त्यांच्या नांवावरून लोक त्यास ‘नर्सी नामदेव’ म्हणतात. आषाढी एकादशीस पंढरपुरास गेलेले मराठवाड्यांतले व विदर्भांतले वारकरी परतल्यावर पुढच्या एकादशीस, म्हणजे आषाढ वद्य एकादशीस, नामदेवांच्या भेटीस येतात. या यात्रेस ‘परतवारी’ असें मोठें अर्थपूर्ण नांव आहे. त्या दिवशीं नर्सीच्या वाटा दिंड्यांनीं भरून जातात. तेथें गवई निराळा व श्रोता निराळा असा भेद नसतो; ज्याच्या गळ्यांत टाळ तो गवई. पखवाजावर थाप पडली कीं पावसानें भिजलेलीं माणसें चिखलाची पर्वा न करतां पावली खेळूं लागतात. खेड्यांतल्या संगीताचा याहून अस्सल उत्सव आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि तो दिवस एकादशीचा! ज्या दिवशीं एवढा समुदाय एका लहानशा गांवीं लोटतो, नेमक्या त्याच दिवशीं जेवावयाचें नसतें.

जेवावयाचें नसतें, म्हणून खावयाचें नसतें असें मात्र कोणीं समजूं नये. एकादशीच्या फराळाची थोरवी आमच्या वाचकांस घरोघर ठाऊक आहे. साबुदाण्याची खिचडी, भगर व तिच्यावर शेंगदाण्याची आमटी, उकडलेलीं रताळीं, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, केळीं, एवढ्या सामग्रीवर उपासाचा दिवस कसा निघून जातो तें कळतही नाहीं. मात्र या पदार्थांचें कुळ शोधूं गेल्यास मोठी मौज दिसते. बटाटा, रताळें, भुईमूग आणि हिरवी मिरची हीं सर्व मंडळी मूळचीं अमेरिका खंडांतलीं. राजगिराही तिकडचाच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तेथूनच आला, आणि त्याचा धंदा आपल्या देशांत तामिळनाडूंतील सेलमच्या परिसरांत १९४३ च्या सुमारास मूळ धरूं लागला. नामदेव १३५० सालीं समाधिस्थ झाले आणि कोलंबसाचें गलबत १४९२ सालीं निघालें; तेव्हां भगर व केळीं सोडलीं, तर आजच्या फराळांतला एकही पदार्थ नामदेवांच्या पानांत पडला नसणार हें उघड आहे. उलट ज्वारी! तीही फार प्राचीन काळीं आफ्रिकेंतून आली खरी, पण हजारों वर्षें या काळ्या मातींत नांदून ती येथली लेक झाली. त्या लेकीस एकादशीच्या दिवशीं पानांत मज्जाव, आणि काल-परवां आलेल्या पाहुण्यांस मानाचा पाट!

असें म्हणण्यांत उपास करणाऱ्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस यांत एक आशेची गोष्ट दिसते. काय चालतें आणि काय चालत नाहीं, याचे नियम माणसांनींच बांधले आणि भूक लागली तेव्हां माणसांनींच ते सैल केले. समुद्रापलीकडून आलेल्या अनोळखी कंदांस ज्या समाजानें देवाच्या दिवशीं पानांत घेतलें, त्यास शेजारच्या अनोळखी माणसास पंक्तींत घेणें जड कां जावें, हा प्रश्न मात्र त्यावरून सुचतो.

आणि नर्सीस तो विशेषेंकरून सुचतो, कारण नामदेवांच्या चरित्रांत लोकांनीं जपून ठेवलेल्या कथा पाहाव्या तर त्यांत जेवणाच्या कथा किती तरी आहेत. बाळपणीं त्यांनीं नैवेद्याचें ताट पुढें ठेवून देवास जेवूं घातल्याची कथा कोणास ठाऊक नाहीं? दुसरी कथा कुत्र्याची. कुत्रें कोरडी भाकरी घेऊन पळालें, तेव्हां ‘कोरडी खाऊं नको’ म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. याच जिल्ह्यांतल्या औंढा नागनाथाच्या देवळाचीही एक कथा आहे. नामदेवांस कीर्तनासाठीं देवळाच्या मागें जावें लागलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलें, असें लोक सांगतात. या कथांस इतिहास म्हणण्याचा आग्रह आम्ही धरीत नाहीं. पण ज्या प्रदेशानें त्या रचल्या व सांभाळल्या, त्यास गाणें आणि घांस यांचें नातें पुरतें उमगलें होतें, एवढें त्यांवरून निश्चित ठरतें.

एका परतवारीस आम्ही व आमचे एक स्नेही द्वादशीच्या सकाळपर्यंत नर्सीसच राहिलों होतों. रात्रभर भजन झालें होतें. उजाडल्यावर बारस सोडण्याच्या पंगती बसूं लागल्या. कागदी पत्रावळींवर पोळी, वरण, भात, भोपळ्याची भाजी आणि बुंदी. चातुर्मास लागलेला असल्यामुळें कांद्याचा आणि वांग्याचा पत्ता नव्हता. आमचे स्नेही मोठे सावध गृहस्थ. त्यांच्या पिशवींत घरच्या दशम्या, तुपाची डबी व पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. पंगतीपासून चार हात दूर ते उभे असतां वाढणाऱ्या मंडळींतली एक वृद्ध बाई थांबून म्हणाली, “माउली, काहून उभं ऱ्हायलात? बसा की पंगतीला.”

स्नेही म्हणाले, “आमचं आहे आमच्याबरोबर, आजी.”

“असू द्या की. मग तुमचं बी वाढा.”

त्या बाईच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. तिला ती केवळ सोयीची गोष्ट वाटली होती. आमचे स्नेही क्षणभर घोटाळले आणि मग खरोखरच बसले. दशम्यांचे तुकडे उजव्या-डाव्या शेजाऱ्यांच्या पत्रावळींवर गेले, तुपाची डबी रांगेंत दूरवर फिरून रिकामी होऊन परत आली, आणि त्यांच्या पानांत बुंदीचा ढीग पडला. शेजारी कोण होते, कोणत्या गांवचे व कोणत्या जातीचे, हें त्यांनीं विचारलें नाहीं आणि त्यांनाही कोणीं विचारलें नाहीं.

ही गोष्ट लहान आहे, पण तिच्या पाठीमागें मोठा इतिहास उभा आहे. नामदेव जातीनें शिंपी आणि त्यांचा सोबती चोखामेळा महार. चोखोबांचे अभंग देवळांत पोंचले. चोखोबा बाहेरच राहिले. मंगळवेढ्यास भिंत पडून ते गेले, तेव्हां नामदेवांनीं त्यांच्या अस्थि आणून पंढरीच्या महाद्वारापाशीं समाधि दिली, असें परंपरा सांगते. त्या महाद्वाराच्या आंत अस्पृश्यांस पाऊल ठेवतां यावें म्हणून साने गुरुजींस १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपुरीं प्राणांतिक उपोषण मांडावें लागलें. सहाशें वर्षें अभंग गाऊन जें दार उघडलें नाहीं, तें त्या उपासानंतर उघडलें. भजनांत समता सोपी असते, कारण एकाचा सूर दुसऱ्यास शिवला तरी कोणास विटाळ होत नाहीं. तिची परीक्षा होते ती पंगतींत. तेथें खांद्यास खांदा लागतो, आणि कोणाच्या हातचें घ्यावयाचें हा प्रश्न समोर उभा राहतो. म्हणून गाणें ऐकून जेवणापूर्वीं निघून जाणाऱ्यानें अर्धेंच गाणें ऐकलें, असें आम्हांस वाटतें.

यावर आमचे सुशिक्षित वाचक म्हणतील कीं, आतां सोवळें-ओवळें कोण पाहतो? प्रश्न प्रकृतीचा आहे. हा आक्षेप खोटा नाहीं. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील कोष्टवाडी येथें ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं एकादशीच्या प्रसादानंतर सुमारें दोन हजार लोकांस विषबाधा झाली. फार दिवस सांठवलेल्या किंवा दमट हवेंत ठेवलेल्या भगरीस बुरशी धरते व ती घातक ठरते. पीठ करून ठेवलेली भगर तर लवकर बिघडते. तेव्हां जत्रेंत भगर खावयाची तर ती ताजी निवडून धुतलेली व डोळ्यांदेखत शिजलेली असावी. जें खावें तें वाफ निघत असतांना खावें; पाणी उकळलेलें प्यावें; भर पावसाळ्यांत उघड्यावर चिरून ठेवलेल्या फळांपेक्षां सालींतलें केळें बरें. एवढी सावधगिरी आईच्या स्वयंपाकघरांतही लागते आणि तिनें कोणाचा अपमान होत नाहीं. मात्र आपलें भय भगरीच्या जुनेपणाचें आहे कीं वाढणाऱ्या हाताचें, हें ज्याचें त्यानें एकदां तपासून पाहावें. पुष्कळदां जुनें सोवळें पाण्याच्या बाटलींत शिरून आपल्याबरोबर प्रवास करीत असतें.

नर्सीहून परततांना वाट वांकडी करून नांदेडास जाण्याची सवड असेल, तर तीही अवश्य करावी. शीख समाजाच्या गुरु ग्रंथ साहिबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत; कयाधूकांठच्या या शिंप्याचें गाणें पंजाबी भाविक नित्य गातात, आणि १७०८ सालीं जेथें गुरु गोविंदसिंगांनीं देह ठेवला त्या नांदेडच्या गुरुद्वारांत तें घुमतें. तेथील लंगरांत राव-रंक एका रांगेंत जमिनीवर बसून डाळ-रोटी खातात. त्या रांगेस शीख मंडळी काय म्हणतात? ‘पंगत’च म्हणतात! नामदेवांच्या गाण्याबरोबर हा शब्दही उत्तरेकडे गेला, असें विधान करण्याइतके आम्ही भाषापंडित नाहीं; पण दोन भाषांच्या भक्तांनीं गाण्यानंतरच्या जेवणास एकच शब्द वापरावा, यांत आम्हांस मोठें समाधान वाटतें.

तेव्हां परतवारीस जाणाऱ्यानें एकादशीस केळीं व गरम खिचडी यांवर निर्वाह करावा, रात्रीं जागून भजन ऐकावें, द्वादशीस पंगत बसली कीं बसावें, आणि हिंगोलीस येऊन आगगाडी धरण्यापूर्वीं एखाद्या साध्या खाणावळींत ज्वारीची भाकरी व पिठलें मागून त्या दूर ठेवलेल्या लेकीची समजूत काढावी. घरून डबा नेल्यास हरकत नाहीं; तो एकट्यास पुरेल त्याहून थोडा मोठा असावा, म्हणजे झालें.