कापड्याहून विराट पडद्याकडे

पोलादपुराहून महाबळेश्वराच्या वाटेला लागलें, कीं आंबेनळीचा घाट चढण्यापूर्वीं कापडे लागतें. वर प्रतापगड, आणि तालुक्यांतच तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ. या मुलुखांतील पुष्कळ घरांचीं कर्तीं माणसें मुंबईंत असतात. त्यामुळें मुंबईच्या जाहिराती येथें मुंबईइतक्याच लौकर येऊन पोहोंचतात. यंदा सुटींत मुलांनीं हट्ट धरिला, आम्हांस आयमॅक्स दाखवा. तेथें म्हणे चित्रपट पाहावयाचा नसतो, त्यांत शिरावयाचें असतें! सुमारें दोनशे किलोमीटरांचा प्रवास आणि नऊ माणसांचीं महाग तिकिटें. एकत्र कुटुंबांत असा खर्च विचारल्यावांचून होत नाहीं, व शहानिशेचें काम अर्थातच निवृत्त मास्तराकडे आलें.

हा प्रकार मूळचा कॅनडांतला. १९७० सालीं जपानांत ओसाकाच्या प्रदर्शनांत तो लोकांनीं प्रथम पाहिला, आणि १९७१ पासून टोरांटोस त्याचें कायमचें गृह झालें. त्यांत ७० मिलिमीटरांची फीत उभी न धांवतां आडवी धांवते व प्रत्येक चौकट १५ छिद्रांएवढी लांब असते. एवढ्या मोठ्या चौकटींत तपशील विपुल मावतो, म्हणूनच पडदा पुष्कळ वाढविला तरी चित्र सहसा विरत नाहीं. पडदा हें फळ, चौकट हें बीज.

परंतु २००८ पासून त्याच नांवाखालीं दोन डिजिटल प्रक्षेपकांची नवी पद्धत निघाली. जुन्या चौकटीची रुंदी उंचीच्या १.४३ पट, नवीची १.९० पट. म्हणजे उंची, जिच्यासाठीं माणूस मान वर करितो, तीच घटली. २०२३ सालीं ‘ओपनहायमर’ त्या मूळ फितीवर जगांत अवघ्या ३० ठिकाणीं दाखविला गेला; त्यांत हिंदुस्थानांतलें एकही नव्हतें. येथल्या प्रेक्षकांनीं त्याच नांवाखालीं निराळी वस्तु पाहिली. धुरावरून अग्नीचें अनुमान करणाऱ्या नैयायिकांनाही ही पाटी फसवील.

मुंबईंत वडाळ्यास २००१ सालीं घुमटाकार पडद्याचें गृह उघडलें, त्याची गोष्ट निराळी. घुमटासाठीं घेतलेलीं दृश्यें तेथें डोक्यावरून जातात. पण सपाट पडद्याकरितां घेतलेल्या चित्रपटांतील भिंती व खांब तेथें वांकतात, आणि घुमटाच्या एका बाजूचा उजेड दुसरीवर पडून काळा रंग राखाडी होतो.

तथापि केवळ मापानें निवाडा करणेंही बरोबर नव्हे. १९७५ चा ‘शोले’ ७० मिलिमीटरांचा म्हणून मिनर्व्हांत वर्षानुवर्षें चालला. त्याचें मूळ चित्रण ३५ मिलिमीटरांवर होतें व मागाहून तें वाढविलें. आमच्या पिढीनें तक्रार केली नाहीं!

मागें मुलासमवेत मुंबईंतील एका डिजिटल गृहांत मीं स्वतः बसून आलों. चित्र स्वच्छ, उजळ आणि खरोखरच मोठें होतें. आवाज मात्र छातींत धडकणारा. नेहमींच्या चांगल्या गृहाहून तें सरस खरें, पण दुप्पट दामाइतकें दुप्पट नव्हे. पुढच्या ओळींत बसलेल्यांच्या मानांची मला कींव आली.

घरांत असें ठरलें: जो चित्रपट त्या पद्धतीसाठींच चित्रित झाला असेल, त्याच्याकरितांच जावयाचें, तोंवर महाडास पाहावें. तसा एक मुलांनीं शोधून काढला असून मागून चौथ्या ओळींतल्या मधल्या जागाही धरल्या आहेत. घरच्या मंडळींनीं कानांसाठीं कापूस बांधून ठेविला आहे.