ओलं गोणपाट

"साहेब, ह्यो डरम तापायलाय बघा."

गोडाऊनचे मामा प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. खांद्यावरचा टॉवेल पावसानं भिजलेला. ड्रमला लावलेला तळहात त्यांनी माझ्यापुढे धरला, तो लालबुंद झाला होता. कसला ड्रम, हे विचारावं लागलं नाही. सकाळीच हायड्रोची गाडी उतरली होती.

इचलकरंजीच्या त्या प्रोसेस हाउसमध्ये केमिस्ट म्हणून मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. सोडियम हायड्रोसल्फाइट म्हणजे आमचा रोजचा 'हायड्रो'. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाहीत, हायड्रो आणि कॉस्टिक घातलं की विरघळतात. निळीचं पाणी डोळ्यांदेखत हिरवट-पिवळं होतं आणि कापड हवेत आलं की पुन्हा निळं होतं. रोज हाताळायची ही साखरेसारखी पांढरी पावडर. तिची भीती कुणाला वाटणार?

पण ड्रमवर एक चौकट असते, वरून पांढरी, खालून लाल, मधे ज्योतीचं चित्र. खाली आकडा, यूएन १३८४. आपोआप पेटणाऱ्या पदार्थांची ही खूण. या पावडरीत थोडं पाणी किंवा दमट हवा शिरली की ती आतून तापू लागते. त्या उष्णतेनं ती आणखी फुटते, फुटली की आणखी तापते. सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो आणि शेवटी ती पेटते. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही.

माल उतरवायच्या प्लॅटफॉर्मकडे धावता धावता मामांनी घडलेलं सांगितलं. टेम्पोतून उतरवताना एक ड्रम निसटला, झाकणाची कडी सुटली आणि वीसेक किलो माल फरशीवर सांडला. माल वाया जाऊ नये म्हणून मामांनी तो सुपलीनं भरून ड्रममध्ये परत टाकला. फरशीवर राहिलेलं ओल्या गोणपाटानं पुसून घेतलं आणि तो गोळाही ड्रममध्येच झटकला. मग झाकण घट्ट लावलं. एवढ्या निगुतीनं केलेलं काम! सांडलेलं कॉस्टिक, सांडलेला रंग, सगळं ते असंच तर आवरायचे.

ड्रमच्या झाकणाखालून पांढरट धूर निघत होता. काडी ओढल्यावर येतो तसा वास, पण शंभर पटीनं उग्र. घशात कुणी तिखट कोंबावं तसं झालं. शेजारी हायड्रोचे आणखी अकरा ड्रम होते आणि चार हातांवर ब्लीचिंगसाठी आणलेले हायड्रोजन पेरॉक्साइडचे कॅन. ते कॅन दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. हायड्रो तापतंय आणि पेरॉक्साइड आग भडकवतं. ही दोघं एका छपराखाली ठेवायची नसतात.

आधी माणसं बाहेर काढली. सल्फर डायऑक्साइड हवेच्या दुपटीहून जड, त्यामुळे तो खाली उतरतो. प्लॅटफॉर्मच्या खालच्या अंगाला कापड रंगवायचं जिगर खातं होतं. तिथल्या पोरांना मशीन बंद करायला लावून वाऱ्याच्या उलट दिशेला, गेटबाहेर पाठवलं. नाकाला रुमाल बांधून दोघांनी पेरॉक्साइड हलवलं. चांगले ड्रम कोरड्या हातगाडीवरून दूर नेले. अकरावा ड्रम हलला तेव्हा डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

तेवढ्यात कुणीतरी शहाणपणानं तापलेल्या ड्रमवर वाळूची दोन घमेली ओतली. झाकण एव्हाना एका बाजूनं उचललं गेलं होतं, वाळू आत गेली. क्षणभर धूर दबला. मग वाळूतूनच पुन्हा वर आला आणि वाळूच्या फटीत निळसर ज्योत दिसली, गंधक जळताना दिसते तशी.

हायड्रोची खरी गोम इथे आहे. लाकूड, कापड, तेल यांची आग हवा तोडली की विझते. हायड्रोला जळायला बाहेरची हवा लागत नाही, त्याचे रेणूच आतल्या आत फुटत असतात. वाळू टाका, फेस टाका, कार्बन डायऑक्साइड मारा, ते धुमसतच राहतं. त्यावर उपाय एकच, पाणी. आणि तेही थोडंथोडकं नाही, धो धो. पावडर पूर्ण बुडेल, विरघळेल, तिची सगळी उष्णता ओढून घेईल इतकं.

बंब आला. अधिकाऱ्यांनी विचारलं, "कशानं पेटलं?"

"पाण्यानं."

"मग मारायचं काय?"

"पाणीच. पण थांबून थांबून नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी टेम्पोच्या ड्रायव्हरकडचं ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचा धोका आणि त्यावरचे उपाय लिहिलेला कागद, मागून घेतलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धोकादायक रसायनाच्या गाडीत ते असावंच लागतं. सुदैवानं ते होतं. त्यावर पदार्थाचं नाव आणि तोच आकडा होता. अधिकाऱ्यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि एकच प्रश्न केला, "पाणी मधेच तुटलं तर?" तर अर्धवट भिजलेला ड्रम आणखी तापला असता. म्हणून त्यांनी आधी आमच्या हायड्रंटला दुसरी लाइन जोडली, दोन्ही होजमध्ये दाब आला की नाही ते पाहिलं, मगच माणूस पुढे सोडला. पाठीवर श्वसनाचा बीए सेट बांधलेला तो फायरमन लांब आकड्यानं झाकण ओढायला गेला तेव्हा आम्ही गेटपाशी श्वास रोखून उभे होतो. झाकण पडलं, धुराचा लोट उठला आणि त्याच क्षणी दोन्हीकडून पाणी सुटलं.

पहिलं अर्धं मिनिट धूर वाढला. कुणीतरी ओरडलं, "बंद करा, बंद करा!" अधिकाऱ्यांनी हात वर करून लाइन चालू ठेवायला सांगितली. मिनिटभरानं फुसफुस मंदावली. दहा मिनिटांनी ड्रमला हात लावता येत होता.

तेवढ्यानं काम संपलं नव्हतं. ते पाणी नाल्याला गेलं असतं तर पुढे पंचगंगेला मिळालं असतं. हायड्रो पाण्यातला ऑक्सिजन खातं, मासे गुदमरतात आणि आमच्या ईटीपीतले, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधले, जिवाणूही मरतात. म्हणून गटाराच्या तोंडाशी वाळूची पोती रचली होती. साचलेलं पाणी पंपानं रिकाम्या टाकीत घेतलं आणि दोन दिवस त्यात हवा सोडत राहिलो. फरशीच्या खाचांत उरलेली पावडर कोरड्या प्लॅस्टिकच्या सुपलीनं गोळा केली आणि भरपूर पाण्यात विरघळवून त्याच टाकीत सोडली.

संध्याकाळी मामांना बघायला दवाखान्यात गेलो. छातीत धूर गेला होता, नाकाला ऑक्सिजन लावला होता. माझ्याकडे बघत त्यांनी मास्क जरा बाजूला केला.

"पाण्यानं पेटतं, हे तुमास्नी ठावं हुतं?"

"होतं, मामा."

ते काही बोलले नाहीत. मास्क पुन्हा लावून घेतला.

त्या रात्री मला झोप आली नाही. २१ एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या लोडाय इथे, हायड्रो आणि ॲल्युमिनियम पावडर मिसळण्याच्या यंत्रात पाणी शिरलं होतं. स्फोटात पाच कामगार गेले. ही घटना मला माहीत होती. ड्रमवरच्या चौकटीचा अर्थही माहीत होता. बारा वर्षं ते सगळं माझ्या टेबलाच्या खणात, इंग्रजी कागदावर पडून होतं. ज्ञान माझ्याकडे होतं आणि ओलं गोणपाट मामांच्या हातात. चूक त्या दोहोंमधल्या अंतराची होती आणि ते अंतर कापणं माझं काम होतं.

पुढच्या वर्षीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना मागच्या अंगणात बोलवू लागलो. मास्क लावून चिनी मातीच्या बशीत चमचाभर हायड्रो ठेवायचो आणि त्यावर चार थेंब पाणी टाकायचो. मग थांबायचं. बशी तापते, धूर येतो, पोरं मागे सरकतात. नंतर बादलीभर पाणी एकदम ओतायचं. धूर बसतो.

बादली ओतायचा मान मामांचा. पण पहिला थेंब पडण्याआधी ते बादलीपाशी जायचे, वाकून बघायचे, ती काठोकाठ भरली आहे ना. तशी नसली तर मला हातानं थांबवायचे.