लोणारच्या कांठावरील प्रश्न

गेल्या हिवाळ्यांत आमच्या वर्गाची सहल लोणार येथें गेली होती. तेथील सरोवराची मौज अशी कीं, गांवाकडून येतांना त्याची चाहूलही लागत नाहीं. कांठाशीं पोंचतांच जमीन एकाएकीं सरते आणि सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा, काळ्या बसाल्ट खडकांत पडलेला वाटोळा खळगा डोळ्यांपुढें उघडतो. उल्कापातानें तो कसा झाला हें आम्ही मुलांस समजावीत होतों. इतक्यांत एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, हें वरून कसें दिसत असेल? हेलिकॉप्टर चालविण्यास काय शिकावें लागतें? मला शिकावयाचें आहे.”

मुलें हंसलीं, आणि लिहावयास लाज वाटते, त्यांजबरोबर आम्हीही हंसलों. “अग, आधीं गणितांत पास हो!” असें आम्ही बोलून गेलों. तिचे वडील दुसऱ्याच्या शेतांत राबतात हें सर्व वर्गास ठाऊक होतें. तेव्हां त्या हंसण्याचा अर्थ तिला निराळा सांगावा लागला नाहीं. परतीच्या वाटेवर ती एक अक्षर बोलली नाहीं.

रात्रीं आम्हीं आपल्या मनास विचारलें, आपण कां हंसलों? प्रामाणिक उत्तर एवढेंच कीं, तिच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि तें झांकण्यास हंसणें सोपें होतें. मग आम्ही चौकशीस लागलों.

हेलिकॉप्टरचा वैमानिक होण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली नागरी परवान्याची. तीस बारावीपर्यंत भौतिकशास्त्र व गणित यांचा पाया लागतो. व्यावसायिक परवान्यासाठीं वयाचीं १८ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. डोळ्यांची व प्रकृतीची कसून तपासणी होते. हवामान, मार्गनिश्चिति, हवाई नियम व यंत्रज्ञान यांच्या परीक्षा द्याव्या लागतात. आणि शंभराहून अधिक तास उड्डाण करावें लागतें. त्याचा खर्च अनेक लक्ष रुपयांचा. परवाना मिळाला तरी कोणी लागलीच मुख्य आसनावर बसवीत नाहीं. जाणत्या वैमानिकाशेजारीं सहवैमानिक म्हणून प्रथम अनुभव जोडावा लागतो. १९८५ सालीं स्थापन झालेल्या पवन हंस कंपनीचीं हेलिकॉप्टरें मुंबईच्या जुहू विमानतळावरून समुद्रांतील तेलविहिरींवर माणसें नेऊं लागलीं, तीं ह्याच प्रकारचीं कामें.

दुसरी वाट सैन्याची. तेथें शिक्षणाचा भार सरकार उचलतें, व निवड परीक्षेनें होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें दार २०२२ पासून मुलींसही उघडलें आहे. त्याच वर्षीं मे महिन्यांत आपल्या नाशिक येथील लष्करी विमानविद्यालयांत हरियाणाच्या कॅप्टन अभिलाषा बराक यांस वैमानिकाचे पंख मिळाले. सेनेच्या विमानदलांतील त्या पहिल्या स्त्री लढाऊ वैमानिक होत.

हें यंत्र चालविण्याची रीतही आम्हीं वाचली. डाव्या हातांतील दांड्यानें सर्व पात्यांचा कोन एकदम बदलून वर-खालीं जावयाचें. उजव्या हातांतील दांड्यानें दिशा धरावयाची. पायांनीं शेपटीकडील लहान पंखा आवरून नाक सरळ ठेवावयाचें. एक हालविलें कीं उरलेलीं दोन्हीं सांवरावीं लागतात. म्हणून नवशिक्यास पुढें जाण्यापेक्षां हवेंत एका जागीं स्थिर राहणें अधिक कठीण जातें. परंतु ह्याच स्थिरतेनें प्राण वांचतात. ऑक्टोबर १९९२ मध्यें हिमाचल प्रदेशांत परवाणू येथें रोपवेच्या पाळण्यांत प्रवासी दरीवर लोंबकळत राहिले, तेव्हां ग्रुप कॅप्टन फली मेजर यांच्या नेतृत्वाखालीं हेलिकॉप्टर वर स्थिर धरून त्यांस उचलून घेण्यांत आलें. हेच मेजर २००७ सालीं वायुदलाचे प्रमुख झाले. हेलिकॉप्टर-वैमानिकांतून त्या पदास पोंचलेले ते पहिले.

पुढच्या सोमवारीं आम्हीं सर्व वर्गादेखत त्या मुलीची क्षमा मागितली आणि वरील माहिती फळ्यावर लिहिली. गणित लागतें हें आमचें बोलणें खोटें नव्हतें. पण जें वाट दाखविण्यासाठीं सांगावयाचें, तें आम्हीं दार लावण्यासाठीं सांगितलें होतें. तिनें सर्व कांहीं वहींत उतरून घेतलें. त्या दिवसापासून ती शाळा सुटल्यावर अर्धा तास त्रिकोणमितीसाठीं थांबते. आणि हंसणाऱ्यांपैकीं दोघे मुलगेही तिच्याबरोबर थांबतात.

ती वैमानिक होईल कीं नाहीं हें परमेश्वर जाणे. पालकांस व आमच्या सोबत्यांस इतकीच विनंति कीं, मुलानें आपणांस ठाऊक नसलेली वाट विचारली तर हंसूं नये. “मला ठाऊक नाहीं, चल, शोधूं,” एवढें म्हणावें. आम्हांस तें म्हणावयास लोणारच्या कांठापर्यंत जावें लागलें.