काँग्रेस रेडिओच्या उषाबेन

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींसह काँग्रेसचे बडे नेते गजाआड गेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. देशात कुठे काय पेटलंय, हे शेजारच्या जिल्ह्यालाही कळेनासं झालं. अशा दिवसांत, २७ ऑगस्टला, ४२.३४ मीटरवर एक आवाज ऐकू येऊ लागला. भारतातूनच, पण कुठून ते न सांगणारा. हा काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा अवघ्या २२ वर्षांच्या होत्या.

कन्नन अय्यर यांचा ‘ऐ वतन मेरे वतन’ (२०२४) हा चित्रपट त्यांचीच गोष्ट सांगतो. सारा अली खान उषा झाली आहे, इम्रान हाश्मी राममनोहर लोहिया आणि सचिन खेडेकर सरकारी नोकरीतले न्यायाधीश वडील. विषय निवडला, हेच मोठं काम झालं. घरोघरी हे नाव पोचलं. पण चित्रपटाचा जीव गुंतलाय पोलिसांच्या पाठलागात. तो पाठलाग खोटा नाही. पोलीस माग काढत होते आणि ट्रान्समीटर चौपाटीच्या ‘सी व्ह्यू’मधून लॅबर्नम रोडवरच्या ‘अजित व्हिला’त, तिथून आणखी कुठे, असा मुंबईभर हलत होता. जोडीला प्रेमकथाही आहे. तिच्याविना काही अडलं नसतं.

या रेडिओवरून जे सांगितलं जाई, त्याचं मोल मराठी माणसाला तरी वेगळं सांगायला नको. चांदा जिल्ह्यातलं चिमूर आणि वर्ध्यातलं आष्टी इथे उठाव झाला. मग फौजेने चिमुरात जे अत्याचार केले, त्यांत बायकांचीही गय केली नाही. छापील शब्दाला ते बोलण्याची मुभा नव्हती. ते देशाला सांगितलं या चोरट्या रेडिओने.

१२ नोव्हेंबरला धाड पडली. फितुरी जवळच्याच तंत्रज्ञाने केली होती. पुढचे सहा महिने चौकशी चालली. साथीदारांची नावं दे, परदेशी शिकायला पाठवतो, असं आमिषही दाखवून झालं. उषाबेन बधल्या नाहीत. खटला उभा राहिला तेव्हा त्यांनी न्यायाधीशांना एवढंच विचारलं, की उत्तरं देणं मला बंधनकारक आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी बचावासाठीसुद्धा तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याला गेल्या. गोळीबाराच्या दहा प्रसंगांपेक्षा कोर्टातला हा एक प्रसंग भारी आहे.

१९४६ मध्ये सुटल्यावर त्यांनी सत्तेची वाट धरली नाही. गांधीविचारांवर पीएच.डी. केली, विल्सन कॉलेजात वर्षानुवर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि लॅबर्नम रोडवरच्याच मणिभवन या गांधी संग्रहालयाचं काम सांभाळलं. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ९ ऑगस्ट २००० ला अंगात ताप असतानाही त्या ऑगस्ट क्रांती मैदानावरच्या कार्यक्रमाला गेल्या. दोनच दिवसांनी वारल्या.

पडद्यावर या साऱ्याला फारशी जागा मिळालेली नाही. उषाबेनवर पुन्हा कुणी चित्रपट काढणार असेल, तर त्याने कोर्टापासून सुरुवात करावी आणि विल्सनच्या वर्गापर्यंत यावं.